मुक्याचा सिनेमा

सोमवार

घुम्या,

फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच. फोनवर तू मला बंद करून टाकलंयस, म्हणून ही जुनी वाट. सकाळच्या बसचा कंडक्टर तुझ्या छापखान्यावरूनच जातो. भला माणूस आहे. म्हणाला, उत्तर असेल तर संध्याकाळी आणून देतो. मी म्हटलं, उत्तरासाठी खोळंबू नका, आमचे धाकटे बंधू जन्माचे घुमे आहेत.

सिनेमा घेतलाय. आणखी एक. न बघता.

कपाळावर हात मारून झाला असेल तर पुढे वाच. मागचा तो भुताचा सिनेमा घेऊ नकोस असं तू सांगत होतास, कबूल. मी फोनवर दलालाशी बोलत होते आणि तू समोर येऊन हातवारे करत होतास, मी पाठ फिरवली, तू पुन्हा समोर आलास, मी पुन्हा पाठ फिरवली. सिनेमा आपटला, तोही कबूल. पण म्हणून बॅग भरून निघून जायचं? आणि जाताना केबिनच्या भिंतीवर खडूने लिहायचं, ‘ताई, तू सिनेमा कानाने घेतेस’? ते अजून तसंच आहे. पुसायचा कंटाळा केला, दुसरं काही मनात आणू नकोस.

बाबाही न बघताच घ्यायचे. म्हणायचे, बघून घेतलेला सिनेमा विकताना माणूस खोटं बोलतो. न बघता घेतलेला विकताना तो निदान प्रेक्षकांच्याच रांगेत उभा असतो. तू यावर हाताने म्हैस काढून दाखवायचास, पाण्यातली, आणि काठावर मोल करणारे बाबा. बाबा पोट धरून हसायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच करायचे.

आता मुद्द्याचं. परवा काका आले होते, एका टायरवाल्याला घेऊन. बरोबर टेप. माझ्यासमोर त्यांनी थिएटरची लांबी-रुंदी घेतली. टायरवाल्याने पडद्याला हात लावून विचारलं, ‘हे कापड निघेल ना?’ घुम्या, माझ्या हातात झाडू होता आणि मी तो वापरला नाही, याचं श्रेय मला कुणीतरी द्यायला हवं.

मी म्हटलं, काका, एक शुक्रवार द्या.

काका म्हणाले, ‘दिला. शुक्रवारी पहिल्या खेळाला हाऊसफुल्लची पाटी लागली तर वर्षभर या गल्लीत पाऊल टाकणार नाही. नाहीतर शनिवारी कुलूप माझं. आणि पाटी लावून मला बनवायचं नाही हं. खेळ सुरू झाला की मी स्वतः आत येऊन खुर्च्या बघणार. एक जरी रिकामी दिसली तर बोलायचं नाही.’

अर्धी इमारत त्यांची आहे, त्यामुळे खरंच बोलायची सोय नाही.

आणि आज दलालाचा फोन आला. घसा इतका बसलेला की गंजलेलं दार उघडतंय असं वाटावं. ‘ताई, एक डबा आहे. दुसरीकडे चाललाय. हवा तर आत्ता हो म्हणा.’ मी विचारलं, कशाबद्दल आहे? तर म्हणाला, ‘मुक्याचा सिनेमा आहे.’

हा शब्द आपल्या घरात कुणी उच्चारत नाही. शेजारच्या बाईंनी एकदा तुला तसं म्हटलं, तेव्हा बाबा त्यांना म्हणाले होते, ‘माझा मुलगा मुका नाही. घुम्या आहे. त्याला बोलायचं असतं तेव्हा तो बरोबर बोलतो.’ तेव्हापासून तुझं नाव पडलं ते पडलं. आज तो शब्द कानात शिरला आणि मला काय झालं कोण जाणे. इतकी वर्षं आपण त्या पडद्यावर राजे दाखवले, चोर दाखवले, बोलणारी कुत्रीसुद्धा दाखवली. तुझ्यासारखा माणूस एकदाही नाही. मी पुढे एक अक्षर विचारलं नाही. हो म्हटलं आणि फोन ठेवला.

शुक्रवारी ये. खेळ तू चालव. यंत्र माझ्याशी नीट वागत नाही.

तुझी,
ताई

बुधवार

घुम्या,

कंडक्टर म्हणतो, तू पत्र घेतलंस, खिशात घातलंस आणि कामाला लागलास. बरं आहे. छापखान्यात यंत्रांचा आवाज एवढा की तिथे सगळेच हातांनी बोलतात म्हणे. म्हणजे तिथे तू एकटा शहाणा आणि बाकीचे तुझी भाषा मोडकीतोडकी बोलणारे. मजा आहे तुझी.

सोमवारी तुझं पत्र दिल्यावर तशीच मी तुझ्या जुन्या शाळेत गेले. तुझ्या बाई आता मुख्य झाल्यात, केस पांढरे, जरब तीच. सिनेमा एका न बोलणाऱ्या माणसाचा आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, ‘सगळी मुलं आणते. आईवडिलांसकट.’ खालचा सगळा मजला भरला! राहिली बाल्कनी. तर काल दुपारी खिडकीवाली मावशी धावत आली. ‘अगं, बाल्कनीपण संपत आली. कॉलेजची पोरं रांगेत उभी आहेत.’

मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. मावशीला म्हटलं, बघा, लोकांना चांगलं-वाईट कळतं, आपणच त्यांना नावं ठेवतो. मावशी नुसती तोंडाला पदर लावून उभी. मग म्हणाली, ‘तू बाहेरचा फळा वाचलास का?’

फळा मावशीनेच रंगवलाय, मी सांगितलं तसा. त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘शुक्रवारपासून मुक्याचा सिनेमा’. आणि खाली कुणा कार्ट्याने दोन ओठ काढलेत.

घुम्या, मी तिथेच पायरीवर बसले.

मुका. आई बाळाचा घेते तो. आणि ही पोरं ज्यासाठी रांगेत उभी आहेत तोही. मला हा अर्थ सुचलाच नाही. या घरात वाढलेल्या माणसाला तो शब्द ऐकला की एकच चेहरा दिसतो, त्याला मी काय करू? पण दलालाला कुठला अर्थ दिसत होता?

फोन केला. त्याच्या बायकोने उचलला. काल त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं, पंधरवडा तोंड उघडायचं नाही, लिहून विचारा म्हणाली. लिहून विचारलं, ‘कोणत्या मुक्याचा?’ उत्तर आलं, ‘सांगितलं होतं ना, मुक्याचा.’ मी पुन्हा लिहिलं, ‘न बोलणाऱ्याचा की दुसरा?’ त्यावर आलं, ‘मीसुद्धा बघितलेला नाही. मला ज्याने विकला तो एवढंच बोलला.’

म्हणजे पाण्यात म्हैस, काठावर मी, माझ्या मागे तो आणि त्याच्या मागे आणखी कोण. म्हैस आहे की नाही, हे कुणीच बघितलेलं नाही.

डबा आलाय. नावाच्या जागी नुसता आकडा, पोस्टर नाही, भाषा कुठली तेही नाही. आतली डिस्क यंत्राला लावून पाहिली. तुला माहीतच आहे, तिची किल्ली, म्हणजे उघडायचा कोड, मेलवर येते आणि शुक्रवारी खेळाच्या वेळेलाच चालू होते. त्याआधी यंत्र एक चित्र दाखवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला सिनेमा आधी बघायचा होता, आणि बघता येत नाही. हस, हस.

उद्या शाळेत जाऊन बाईंना सगळं सांगून टाकते.

ताई

गुरुवार

सांगितलं नाही.

गेले होते. सांगायलाच गेले होते. बाई मुलांना ‘थिएटर’ची खूण शिकवत होत्या. सगळ्यांनी मिळून एक चौकोन काढला हवेत, मोठा, हात पुरतील तेवढा. कानात यंत्र घातलेली एक मुलगी माझ्यापाशी आली. दोन वेण्या, एक सुटलेली. तिने हातांनी विचारलं, सिनेमातल्या माणसाच्या कानात माझ्यासारखं यंत्र आहे का? तुझ्यामुळे एवढं तरी मला वाचता येतं.

मी मान हलवली. हो म्हणून. मला काहीही माहीत नसताना.

आता तू म्हणशील, ताई, शाळेला नको म्हण. शाळा नाही तर खालचा मजला रिकामा. बरं, बाल्कनीतल्या पोरांना खरं सांगू? ती फळ्यावर ओठ काढून गेली तशीच ओठ मुरडून जातील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दोघांनाही काही सांगितलं नाही, तर थिएटर मात्र गच्च भरतं. काकांनी प्रेक्षक काय समजून आले हे कुठे विचारलंय? त्यांना खुर्च्या भरलेल्या बघायच्या आहेत.

आणि सिनेमा खरंच चांगला निघाला तर? न बोलणाऱ्या माणसाचा असला तर? अर्धी शक्यता आहे. बाबा यापेक्षा कमी शक्यतेवर घर चालवायचे.

मी ठरवलंय. भिंगापुढच्या झडपेवर हात ठेवून बसेन. पडद्यावर नको ते यायला लागलं की झडप खाली. यंत्र बिघडलं म्हणून सांगेन.

तू असतास तर हे तुला लिहिलंच नसतं, कारण तू माझा चेहरा बघूनच उठून गेला असतास.

आज संध्याकाळी काका येऊन गेले. आत नाही आले, फळा वाचून रस्त्यावरूनच ओरडले, ‘शाब्बास पोरी, वडिलांचं नाव काढलंस!’ आणि हसत गेले. बाबांच्या नावाने कुणी हसलं की मला झाडूच आठवतो, पण आज कान गरम झाले आणि मी खाली मान घालून पायऱ्या झाडत राहिले.

ये ना रे. खेळ चालवायला नको. नुसता ये.

ताई

शुक्रवार, खेळाआधी

हे आता कंडक्टरकडे द्यायला वेळ नाही. तरी लिहिते, हाताला चाळा.

तू आला नाहीस. बस येऊन गेली, मी खिडकीतून बघितलं. म्हटलं चला, सुटले, तुला तोंड दाखवायला नको.

हाऊसफुल्लची पाटी लागली, घुम्या! मावशीने धूळ पुसून लावली. खिळा कुठे आहे ते तुलाच माहीत, म्हणून सुतळीने बांधली, जरा तिरकी. पाटीखाली काका उभे, शेजारी टायरवाला. काका हसत नाहीयेत आज. शाळेची मुलं रांगेने आत आली. एवढी मुलं आणि आवाज नाही, फक्त चपलांचा. वर बाल्कनीत मात्र शिट्ट्या, आरोळ्या, कुणीतरी ओठांनी चुक्‌चुक्‌ आवाज काढतंय आणि सगळे खिदळताहेत. खालच्या मुलांना त्यातलं काही ऐकू जात नाही. ती वर बघून हात हलवताहेत. त्यांना वाटतंय, वरचे लोक त्यांचं स्वागत करताहेत.

ती वेणीवाली पुढच्या बाजूला बसलीय, बापाच्या शेजारी. आज दोन्ही वेण्या नीट आहेत. तिने मला केबिनच्या झरोक्यात शोधून काढलं आणि स्वतःच्या कानातल्या यंत्रावर बोट ठेवून दाखवलं. आठवण करून देतेय.

हे मला जमणार नाही.

काका, टायर, कुलूप, सगळं खरं आहे. या केबिनशिवाय मला दुसरं काही येत नाही, हेही खरं. पण मी खाली जातेय. पडद्यापुढे उभी राहून सांगते की मला काहीच माहीत नाही. पाटी उतरली तर उतरू दे. खालच्यांना कसं सांगायचं हा प्रश्नच आहे, माझे हात तोतरे आहेत, तूच म्हणायचास.

शुक्रवार, अंधारात

तू हाताच्या अंतरावर बसलायस, तुझ्या जुन्या स्टुलावर, आणि मी तरी लिहितेय. अंधारात तुला माझे हात दिसणार नाहीत. यंत्राच्या उजेडाची ही एवढीशी चिरफळी कागदावर पडतेय, ती पुरेल. शिवाय तू वर आल्यापासून माझ्याकडे एकदाही बघितलेलं नाहीस.

तुला जे ऐकू आलं नाही ते सांगते.

मी पडद्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, ‘हा सिनेमा मी बघितलेला नाही. मला विकणाऱ्यानेही बघितलेला नाही. मला वाटलं, हा न बोलणाऱ्या माणसाचा आहे. तुम्हाला वाटलं, हा चुंबनांचा आहे. यातला कुठलाही असेल किंवा कुठलाही नसेल. ज्यांना जायचंय त्यांनी आत्ता जावं, तिकिटाचे पैसे खिडकीवर परत मिळतील.’ मग मी खाली मुलांकडे वळले, हात वर केले आणि मला एक खूण आठवेना. एकसुद्धा नाही.

तेव्हा तू बाजूच्या दारातून पुढे आलास.

(कधी आलास? बसने नाही आलास. नंतर विचारते.)

तू माझ्याकडे न बघता, मी बोलले ते सगळं हातांनी सांगितलंस. माझ्या ओठांवरून वाचलंस ना? पूर्वीसारखं. आणि त्या शब्दापाशी आलास, तेव्हा मला कळलं. तुम्हा लोकांत हा घोटाळाच नाही. न बोलणाऱ्याची खूण वेगळी, गालाच्या मुक्याची वेगळी. तू आधी एक केलीस, मग दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये प्रश्नचिन्ह काढलंस. मुलं हसली. मग बाल्कनीतली पोरं, ज्यांना तुझी भाषा येत नाही, त्यांनाही सगळं समजलं आणि ती हसली. आठवडाभर मी दोन अर्थांच्या मध्ये चेंगरत होते, आणि तू ते दोन हातांनी बाजूला केलंस. त्या भिंतीवरच्या ओळीचा अर्थ मला आज लागला. पुसणार नाही मी ती. आणि कंटाळा म्हणून नाही.

वरून एकजण ओरडला, ‘सिनेमात मुका नसला तर ताई तुम्ही देणार का?’ मी म्हटलं, ‘आईकडे माग, ती अजून देते.’ यावर जो हशा झाला तो तुला दिसलाच असेल, खुर्च्या हलत होत्या. त्यानंतर बाल्कनीतला एकही उठला नाही. पहिला कोण उठतो म्हणून सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

खालून मात्र वेणीवालीचा बाप उठला. ‘असला भरवसा नसलेला प्रकार माझ्या मुलीला दाखवायचा नाही’ म्हणाला. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ती जाताना मागे वळून बघत होती. मी कानावर बोट ठेवलं आणि मान हलवली, नाही, मला माहीत नाही. एवढं तरी तिला खरं सांगितलं.

दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या, घुम्या. मी वर आले, तू माझ्या मागून वर आलास, माझा हात झडपेवरून काढलास आणि यंत्र सुरू केलंस. दिवे गेले. आणि काका बॅटरी घेऊन आत शिरले. तू यंत्रात डोकं घातलं होतंस, म्हणून तुला हे माहीत नाही.

त्यांनी रांगेवरून उजेड फिरवला आणि त्या दोन खुर्च्यांपाशी थांबले. टायरवाल्याला मोठ्याने म्हणाले, ‘या बघा! दोन!’ आजूबाजूच्या मुलांनी ‘श्‌’ केलं नाही, कारण काकांचा आवाज त्यांना ऐकूच गेला नाही. काका आणखी मोठ्याने बोलायला लागले, कुठली भिंत पाडायची वगैरे. पण बॅटरीचा उजेड मुलांच्या डोळ्यांवर येत होता आणि काकांचं धूड पडदा अडवत होतं. मागच्या एका पोराने त्यांचा सदरा धरून खाली ओढलं. धपकन बसले. टायरवाला उभा होता, त्याला दुसऱ्याने ओढलं. मला वाटलं, आता उठतील. आता उठतील. सिनेमा सुरू झाला.

ते अजून बसलेले आहेत.

झरोक्यातून बघ हवं तर. दोन्ही खुर्च्या भरलेल्या आहेत. काकांचीच अट, खुर्ची रिकामी दिसता कामा नये. कुणी भरावी, हे अटीत नव्हतं. उद्या ते शब्द फिरवायला बघतील, मी ओळखते त्यांना, पण टायरवाला साक्षीला आहे. आणि तो तोंड उघडं टाकून बघतोय.

हा सिनेमा कुठल्या देशाचा आहे देव जाणे. भाषा कळत नाही, खाली अक्षरांची पट्टीही नाही. बसलेल्यांपैकी कुणालाच एक शब्द समजत नाहीये. आज अख्खं थिएटर तुझ्यासारखं बसलंय, बाबा असायला हवे होते. आणि मुलं आधी हसताहेत! ती पडद्यावरच्या बस ड्रायव्हरचे डोळे बघताहेत, त्याच्या समोरच्या आरशातले. ती हसली की मग बाल्कनी हसते. पोरं खाली वाकून विचारताहेत, काय झालं, काय झालं.

आतापर्यंत कुणी कुणाचा मुका घेतलेला नाही. एक रिकामी बस आहे. एक म्हातारी तिच्यात चढलीय, ट्रंक घेऊन, आणि जी बोलायला लागलीय ती थांबतच नाही. रडते, भांडते, मध्येच हसते, ड्रायव्हरच्या पाठीला सगळं सांगत बसते. आणि तो गाडी चालवतोय. इतक्या वेळात एक शब्द बोललेला नाही. पण तिला उतरायला सांगत नाही आणि गाडी थांबवतही नाही.

घुम्या, मला कळत नाहीये. हा ड्रायव्हर मुका आहे, की नुसता घुम्या आहे? दलालाला विचारायची सोय नाही. तुझे डोळे चांगले आहेत, तू सांग. ही पेन्सिल घे.

_घुम्या आहे. लिहिणं थांबव आणि बघ._